एसेनअलीचा पायबंद

आक-केच्यू गावाजवळ नदी सेहेचाळीस मीटर रुंद आहे आणि एसेनअलीने ती चोपन्न वर्षांत एकदाही ओलांडली नव्हती. जलमापन चौकीवर तो एकतीस वर्षं नोकरीला होता. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला काठावरच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, पाण्याचं तापमान घ्यायचं, वहीत लिहायचं आणि जिल्ह्याला फोन करायचा, हे त्याचं काम. नदीबद्दल त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पलीकडच्या काठाबद्दल त्याला लोक सांगतील तेवढंच माहीत होतं.

याचं कारण गावात सगळ्यांना पाठ होतं. एसेनअलीचा पायबंद कापायचा राहिला होता.

आमच्याकडे मूल चालायला लागलं की काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पिळलेला दोरा त्याच्या घोट्यांना बांधतात, घोड्याला घालतात तसा. मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून शर्यत सुटते, पहिला येईल तो चाकूने दोरा कापतो, आणि त्याचा गुण पोराच्या पायात उतरतो. एसेनअलीचाही दोरा १९७१ च्या जूनमध्ये बांधला होता. धावणारे सुटलेही होते. तेवढ्यात भूगर्भवाल्यांचं हेलिकॉप्टर खालच्या कुरणात उतरलं. गावाने हेलिकॉप्टर पाहिलेलं नव्हतं. धावणारे आले, पोराला ओलांडून पुढे गेले आणि हेलिकॉप्टरपाशीच थांबले. पाहुणे त्यांच्या मागे गेले. संध्याकाळपर्यंत कोणी परत आलं नाही, तेव्हा त्याच्या आईने, कानिमबुबूने, गाठ बोटांनी सोडली.

ही गोष्ट तिने त्याला तो नऊ वर्षांचा असताना सांगितली. गवताच्या गंजीवरून तो पडला होता आणि ती त्याचं नाक पुसत होती. "पायबंद कापला नाही ना तुझा, म्हणून अडखळतोस," एवढंच ती म्हणाली. पुढचं सगळं त्याने स्वतः केलं. त्या वर्षी त्याने पूल वर्ज्य केला. पंधराव्या वर्षी घोडा सोडला, आणि आमच्याकडे घोड्यावर न बसणाऱ्या माणसाला लोक आधी डॉक्टरकडे नेतात. बाविसाव्या वर्षी लग्नात नाचणं सोडलं, मग शिडी. चौकीच्या मुख्याची जागा दोनदा चालून आली. कचेरी पलीकडे होती म्हणून दोन्ही वेळा नाही म्हणाला. चाळिशीत त्याने सरकत्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही असं ठरवलं. सर्वांत जवळचा सरकता जिना गावापासून साडेतीनशे किलोमीटरवर आहे.

गावाने हे कधी मोडून काढलं नाही. एखाद्याला एकच मूत्रपिंड असावं तसा तो मामला होता. त्याला कोणी शिडी धरायला बोलावत नसे, एवढंच.

पलीकडच्या काठावर बुरुल राहायची. एकोणपन्नास वर्षांची, विधवा, अंगणातल्या भट्टीत पाव भाजून विकणारी. तिचं घर पुलापासून साठ मीटरवर, चौकीच्या जवळजवळ समोर. सहा वर्षांपूर्वी तिने काठावरून ओरडून विचारलं होतं, "अहो चौकीवाले, उद्या पाणी वाढणार का? माझं गवत खाली पडलंय!" त्याने ओरडून आकडा सांगितला. तिथून सुरुवात झाली. दुकानासाठी ती आठवड्यातून एकदा अलीकडे यायची आणि चौकीवर चहा घ्यायची. बाकी दिवशी नदीवरून ओरडून बोलणं व्हायचं. मे ते जुलै बर्फ वितळून पाण्याचा आवाज इतका वाढतो की ऐकू येत नाही. ते तीन महिने प्रेम बंद असायचं. ऑगस्टमध्ये पाणी उतरलं की गावाला पुन्हा सगळा तपशील मिळू लागायचा.

२३ सप्टेंबरला, सोमवारी, सकाळचा आकडा घेऊन झाल्यावर एसेनअलीने तिला लग्नाचं विचारलं. त्या वेळी दोन्ही काठांवर मिळून चौदा माणसं हजर होती.

"बुरुल! मी म्हणतो, आपण दोघांनी एका घरात राहायला काय हरकत आहे?"

"कोणाच्या घरात?" ती ओरडली.

"माझ्या!"

"आणि माझी भट्टी? ती पोहत येणार?"

अलीकडचे हसले. पलीकडचे जास्त हसले.

"सहा वर्षं मीच येते!" ती म्हणाली. आता ती पाण्याच्या अगदी कडेला आली होती. "ऐका. शनिवारी बाराच्या गाडीने मी ओशला चालले. माझ्या लेकीचे, अक्मारलचे दिवस भरलेत. पुन्हा यायचं की तिथेच राहायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. त्याच्या आधी माझ्या घरी येऊन एक पियाला चहा प्या. मग विचारा काय विचारायचं ते. नाही आलात तर पाव ओशलाही भाजता येतो!"

"पण बुरुल, तुला माहीत आहे माझा..."

"माहीत आहे! अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे!"

ती आत गेली. एसेनअलीने वही उघडली आणि त्या दिवशीचा आकडा दुसऱ्यांदा लिहिला.

घरी कानिमबुबू दही घुसळत होती. ती ऐंशीची आहे आणि तिने सगळं अंगणातून ऐकलं होतं.

"मग जा की," ती म्हणाली.

"कसा जाऊ?"

"पायांनी. बाकीचे जातात तसा."

"आई, बाकीच्यांचे कापलेले आहेत."

तिने घुसळणं थांबवलं. "अरे, मी तुला अडखळतोस एवढंच म्हटलं होतं. नदीचं नावही काढलं नव्हतं."

"मग आता काप."

"काय कापू? आहे का तिथे काही?"

"बांधून काप. रीतसर."

कानिमबुबूने हात पुसले, चांगला रुमाल डोक्याला बांधला आणि ती मामिरकुलकडे गेली. मामिरकुल एक्याऐंशी वर्षांचा, गावातल्या पंचांमध्ये सर्वांत वडील. बुधवारी पंच बसले. पंच तिघे, पण बोलत होता मामिरकुल. आणि बोलावलं नसताना येऊन बसलेली सुयुमकान, एकाहत्तर वर्षांची, पूर्वी शाळेत कवायत शिकवायची.

"बांधायचा हे ठरलं," मामिरकुल म्हणाला. "प्रश्न धावणाऱ्यांचा आहे. रीतीप्रमाणे पोरं धावतात. पण कापणाऱ्याचा गुण उतरतो. उद्या आठ वर्षांच्या पोराने कापला, तर हा सरकारी नोकर शाळेत जाऊन बसेल."

"बसू दे की," सुयुमकान म्हणाली. "शाळेतली पोरं रोज पूल ओलांडतात."

"गंमत नाही ही, सुयुमकान. ज्याचा पायबंद कापायचा त्याच्याहून धावणारा मोठा हवा. नाहीतर लहानाने मोठ्याला चालायला शिकवल्यासारखं होईल."

"म्हणजे चोपन्नच्या वरचे?"

"चोपन्नच्या वरचे."

"शंभर मीटर?"

"मी स्वतः धावणार आहे," मामिरकुल म्हणाला. "सर्वांत मोठा मी. मी धावलो नाही तर ती शर्यत कसली?"

पंचांच्या वहीत तीन ठराव लिहिले गेले. पहिला, धावणारे चोपन्नहून मोठे. दुसरा, दोऱ्याची लांबी एक वीत. तिसरा, चाकू मामिरकुलकडे राहील, कारण मागच्या वर्षी एका बारशाला नेलेला चाकू परत आला नव्हता. बक्षिसं आईने द्यायची असतात. कानिमबुबूने एक कोंबडी, एक लोकरी रुमाल आणि बादलीभर गोळ्या जाहीर केल्या.

शनिवारी सकाळी दहाला शाळेच्या मैदानावर दीडशे माणसं होती. मैदान अलीकडच्या काठावर आहे; त्याच्या टोकापासून पूल नव्वद मीटर. एसेनअली कोटात आला होता. सकाळचं पाणी एक मीटर बारा, हे त्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. घोट्यांना दोरा कानिमबुबूने बांधला. वीत कोणाची, यावर वाद झाला तेव्हा त्याने खिशातून टेप काढली आणि दोन घोट्यांमधलं अंतर मोजून घेतलं. एकवीस सेंटिमीटर.

"घट्ट नाही ना?" आईने विचारलं.

"नाही."

"रडायचं नाही हं."

शर्यत साडेदहाला होती. धावणारे अकरा जण होते, सहा पुरुष आणि पाच बायका, आणि त्यांच्यातले चार वरच्या वाडीतून आले होते. लांबून आलेल्यांना चहा द्यावा लागतो. चहा झाल्यावर मामिरकुलने दुवा दिली. मग दुसऱ्या पंचाने दिली, म्हणजे त्याला वाईट वाटू नये. अकरा वाजून बावीस मिनिटांनी कवायतीची जुनी शिट्टी वाजली आणि अकरा जण सुटले.

पहिल्या पाच मीटरमध्येच शर्यतीचा निकाल लागला, पण तो कोणी मानायला तयार नव्हतं.

आमच्याकडे वडीलधाऱ्याच्या पुढून कोणी जात नाही. दारातून बाहेर पडताना नाही, रस्त्यावर नाही, अंत्ययात्रेत तर मुळीच नाही. हे लहानपणी शिकवतात आणि मग ते हाडात राहतं. धावणारे मोठे हवेत हे ठरवताना पंचांना सगळं सुचलं होतं, एवढं सोडून. मामिरकुल काठी टेकत पुढे होता आणि त्याच्या मागे दहा जण जागच्या जागी धावत होते.

"आबा, जरा बाजूला व्हा ना," सुयुमकान म्हणाली. तिचे गुडघे छान वर येत होते.

"बाजूलाच आहे मी. मैदान केवढं मोठं आहे."

"तसं नव्हे. मी पुढे गेले तर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"म्हणतील, सुयुमकान म्हाताऱ्याच्या पुढून गेली."

"म्हणतीलच," मामिरकुल म्हणाला आणि थांबला. त्याला दम लागला होता. दहाही जण थांबले. वरच्या वाडीच्या एका माणसाकडे वळून त्याने विचारलं, "तुझी ती तांबडी गाय व्याली का रे?"

"व्याली, आबा. कालवड झाली."

"चांगलं झालं." मामिरकुलने कालवडीला दुवा दिली. सर्वांनी तळवे तोंडावरून फिरवले. मग शर्यत पुढे सुरू झाली.

अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी पुढचा धावपटू साठ मीटरच्या खुणेला होता. त्याच वेळी पलीकडच्या काठावर बुरुलच्या फाटकासमोर पांढरी गाडी येऊन उभी राहिली आणि तिने दोनदा भोंगा वाजवला.

एसेनअलीने तो ऐकला. मैदानाच्या टोकावरून त्याला फाटक दिसत होतं. बुरुल एक पिशवी घेऊन बाहेर आली, पिशवी गाडीत ठेवली आणि दुसरी आणायला आत गेली. ती मैदानाकडे पाहत नव्हती.

"आबा!" कानिमबुबू ओरडली. "चाकू फेका इकडे!"

"चाकू ही फेकायची वस्तू नाही!" साठ मीटरवरून उत्तर आलं.

"मी दाताने तोडते," ती मुलाला म्हणाली आणि खरंच वाकू लागली.

"नको, आई. एकदा बोटांनी सोडलास तेवढं पुरे."

दुसरी पिशवी गाडीत गेली. एसेनअलीने खाली पाहिलं. पंचेचाळीस वर्षं हा दोरा त्याच्या पायात होता, आणि तो किती लांब आहे हे त्याला कधीच कळलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोऱ्यापलीकडची वाटत होती. पूल, घोडा, नाच, साडेतीनशे किलोमीटरवरचा जिना. आता त्याने टेपने मोजला होता. एकवीस सेंटिमीटर. आणि एकवीस म्हणजे काही शून्य नव्हे. पुलापर्यंत नव्वद मीटर भागिले एकवीस, चारशे एकोणतीस पावलं. पुलाची दोनशे एकोणीस. तिच्या फाटकापर्यंत दोनशे शहाऐंशी. बेरीज त्याने मनात दोनदा केली. हा आकडा जमण्यासारखा होता.

त्याने आईच्या हातातून कोपर सोडवलं आणि पहिलं पाऊल टाकलं.

"मूल चाललं!" कोणीतरी ओरडलं.

"अरे धरा त्याला! अजून कापायचा आहे!" मामिरकुलने काठी उंचावली. "धरा!"

पण धरायचं तर मामिरकुलच्या पुढून जावं लागलं असतं. सुयुमकानने एक पाय पुढे टाकला, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि परत घेतला. दहा जण पुन्हा जागच्या जागी धावू लागले. मामिरकुल दिशा बदलून पुलाच्या बाजूला निघाला, आणि शर्यत त्याच्या मागे वळली. प्रेक्षक बाजूला सरले. प्रेक्षकांत पन्नाशीच्या आतले, धडधाकट पायांचे निदान साठ जण असतील, पण ते धावपटू नव्हते आणि ठराव स्पष्ट होता.

दोऱ्याने बांधलेला एसेनअली काठी टेकणाऱ्या मामिरकुलपेक्षा वेगाने जातो आहे, हे सर्वांच्या लक्षात आलं तेव्हा तो पुलाशी पोहोचला होता.

पूल झुलता आहे. दोन तारा, त्यांच्यावर आडव्या फळ्या, दोन्ही हातांना दोर. महिन्याच्या अहवालात 'पुलाची स्थिती' असा एक रकाना असतो, आणि एसेनअली त्यात एकतीस वर्षं काठावरून बघून 'समाधानकारक' लिहीत आला होता. त्याने पहिल्या फळीवर पाय ठेवला आणि पूल हलला. त्याने दोन्ही हातांनी दोर धरला. फळ्यांच्या मधून पाणी दिसत होतं. काठावरून ते पट्टीवर असायचं. इथे ते खाली होतं आणि पळत होतं.

"एक," तो मोठ्याने म्हणाला. "दोन."

एकशे चारला त्याने डोळे मिटले, एकशे पाचला उघडले, कारण पायाखाली काही लागलं नाही.

तिथे फळी नव्हती. ती तीन वर्षांपूर्वी गेली होती. गावातले सगळे तिथे सवयीने लांब ढांग टाकतात, इतक्या सवयीने की त्याबद्दल कोणी बोलत नाही. खाच साधारण चाळीस सेंटिमीटरची होती. दोरा एकवीसचा.

एसेनअली थांबला. तो वळू शकला असता. कठड्याच्या दोराला धरून त्याला तसंच मागे-मागे जाता आलं असतं, आणि गावाने त्याला काही म्हटलं नसतं. पलीकडे गाडीने भोंगा दिला. तेवढ्यात बुरुल तिसरी पिशवी घेऊन बाहेर आली आणि तिने पुलाकडे पाहिलं. तिने पिशवी खाली ठेवली.

गाडीचा चालक दार उघडून पुलाकडे निघाला. "अहो, अडकलाय तो. मी आणतो धरून."

"हात लावायचा नाही," बुरुल म्हणाली.

"अगं ताई, पडेल!"

"पडला तर भिजेल. तू गाडीपाशी थांब."

पाण्यात पडलेला माणूस नुसता भिजत नाही, हे तिला माहीत होतं. तिने दोन्ही हात एप्रनमध्ये घट्ट गुंडाळून घेतले होते.

एसेनअलीने दोन्ही पाय जोडले. एका वेळी एक पाय खाचेपलीकडे टाकणं दोऱ्याला मान्य नव्हतं. दोन्ही एकदम टाकायला दोऱ्याची काही हरकत नव्हती. शेवटची उडी आपण कधी मारली होती ते त्याने आठवून पाहिलं. गंजीवरून पडलो ती उडी नव्हती. मग त्याने गुडघे वाकवले, दोर सोडले आणि उडी मारली.

तो खाचेपलीकडे आला आणि पूल एवढा खाली गेला की कोटाच्या टोकाला पाण्याचे शिंतोडे लागले. मग पूल वर आला. त्यानंतर तो बराच वेळ वरखाली होत राहिला आणि एसेनअली त्याच्याबरोबर होत राहिला, तोंड उघडं ठेवून. अलीकडच्या काठावरून कानिमबुबूचा आवाज आला.

"टोपी सांभाळ!"

पूल थांबला तसा तो पुढे निघाला. "एकशे सहा," तो म्हणाला. आकड्याबद्दल त्याला खात्री नव्हती, पण हातात तेवढाच होता.

फाटकाशी तो बारा वाजून तीन मिनिटांनी पोहोचला. गाडीत नऊ उतारू होते आणि ते सगळे खिडक्यांना नाकं लावून बसले होते.

"आलो," एसेनअली म्हणाला.

"दिसतंय," बुरुल म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. नदीशिवाय तो इतका बारीक असतो हे तिलाही ठाऊक नसावं. "बाराला तीन मिनिटं होऊन गेली."

"पुलावर फळी नाहीये."

"तीन वर्षं नाहीये."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कशाला सांगतील?"

चालकाने घड्याळ दाखवलं. "ताई, बारा म्हणजे बारा. चला."

"चहा ठेवायचाय," बुरुल म्हणाली. "बोललेय मी." आणि तिने कुलूप काढलं.

उंबरा आडवा आला. आमचे उंबरे थंडीमुळे उंच असतात, आणि उंबऱ्यावर पाय ठेवायचा नसतो. घराला लाथ मारल्यासारखं होतं ते. एसेनअलीने पाय जोडले. त्याला आता उडी येत होती, आणि येणाऱ्या गोष्टीवर माणूस जरा जास्तच विश्वास टाकतो. त्याचं कपाळ वरच्या चौकटीवर आदळलं. तो आत पडला तो थेट बसूनच, ताटाळ्याजवळ, पाहुण्याच्या गादीवर.

"बसा," बुरुल म्हणाली.

किटली पिशवीच्या तळाशी बांधलेली होती. ती काढायला गाडीवरचं निम्मं सामान उतरवावं लागलं. भट्टीतला पाव अजून गरम होता. तिने तो मोडला, आणि तो मोडताना चालक दारातच उभा होता. हीच त्याची चूक झाली. मोडलेल्या पावाला तोंड न लावता घरातून परत जाता येत नाही. त्याने एक तुकडा तोंडात टाकला. मग उतारूंपैकी कोणीतरी म्हणालं की पाव मोडलाय आणि आपण बाहेर बसलोय, हे काही बरं दिसत नाही. नऊ जण आत आले.

अशा तऱ्हेने एसेनअलीने बुरुलच्या घरचा पहिला चहा दहा अनोळखी माणसांच्या समोर घेतला. कपाळावर टेंगूळ आलं होतं. पियाला त्याने दोन्ही हातांत धरला होता. त्याने तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि पालथा न घालता, म्हणजे अजून चालेल अशा तऱ्हेने, खाली ठेवला.

"विचारा आता," बुरुल म्हणाली.

तो तिच्यापासून दीड मीटरवर होता. सहा वर्षांची सवय सुटली नाही आणि तो ओरडला. "बुरुल! लग्न करशील का माझ्याशी?"

किटलीचं झाकण हललं. एका उतारूने कानावर हात ठेवला.

"करीन," ती म्हणाली. "पण गाडी चुकवणार नाही. अक्मारलची तारीख गुरुवारची आहे. मुलीला सोडून मी इथे साखरपुड्याच्या गोळ्या वाटत बसणार नाही."

"मग परत कधी येणार?"

"ते मी एकटी का ठरवू? लग्न करायचंय ना? मग चला. जावयाच्या घरी खोली आहे."

एसेनअलीने दारातून नदीकडे पाहिलं. नदी आता त्याच्या चुकीच्या बाजूला होती. "वाटेत पूल किती आहेत?" त्याने चालकाला विचारलं.

"ओशपर्यंत? मोठे एकवीस. बारके कोण मोजतं."

"फळ्या आहेत का सगळ्यांना?"

"काका, ते काँक्रीटचे आहेत."

कोणी हसलं नाही, कारण तो ज्या तऱ्हेने बसला होता त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती. बुरुलने पियाले गोळा केले, विसळले, पुसले आणि पिशवीत भरले. किटली सर्वांत वर ठेवली. मग ती दारात थांबली.

तो पाय जोडून उठला आणि उंबऱ्यावरून बाहेर उडी मारली, या वेळी मान वाकवून.

बारा वाजून एकतीस मिनिटांनी सामान पुन्हा चढलं. मामिरकुल तेव्हा पुलाच्या मधोमध, नसलेल्या फळीपाशी होता. त्याने काठीने खाच चाचपून पाहिली. मागचे दहा जण दोराला धरून एका ओळीत उभे होते, आणि पूल त्यांच्या वजनाने चांगलाच खाली आला होता.

"ही फळी केव्हापासून नाहीये?" त्याने विचारलं.

"तीन वर्षं, आबा," सुयुमकान म्हणाली. "ढांग टाका आणि चला."

"पंचांपुढे यायला हवं होतं हे." मग त्याने मान वर करून पाहिलं. "एसेनअली! थांब! चाकू आणलाय!"

"गाडी सुटतेय, आबा!"

"अरे पण जिंकलं कोण?"

अलीकडच्या काठावर कानिमबुबू मापनपट्टीजवळ उभी होती. "आठला आकडा मी घेते!" ती ओरडली. "तू जेवलास का?"

"पाव खाल्ला!"

"पाव म्हणजे काय जेवण झालं?"

गाडीची पायरी चाळीस सेंटिमीटर उंच होती. एसेनअली आधी पायरीकडे पाठ करून बसला, मग दोन्ही पाय एकदम आत घेतले. उतारू सरकले. त्याला बटाट्याच्या पोत्यावर जागा मिळाली, बुरुलच्या आसनाला लागून. पुलाच्या मध्यावरून मामिरकुलने चाकूसकट दोन्ही तळवे वर केले आणि जाणाऱ्या गाडीला दुवा दिली. त्याच्या मागच्या दहा जणांनी दोर सोडून तळवे तोंडावरून फिरवले, आणि पूल भयंकर हलला.

गाव मागे पडल्यावर शेजारच्या उतारूने खिशातून घडीचा चाकू काढला. तो मेंढ्यांचा व्यापारी होता आणि नीटनेटका दिसत होता. "काका, रीत म्हणून मोठ्याने कापायचा म्हणता ना? मी साठचा आहे. मीच टाकू का कापून? बसायला बरं पडेल."

एसेनअलीने दोऱ्याकडे पाहिलं. तो मळला होता, पुलावर थोडा उसवला होता, पण धड होता. मग त्याने चालकाला विचारलं, "पुढचा पूल किती वेळात?"

"हा काय, वळणावर. दोन मिनिटं."

"लांबी?"

"असेल साठ-सत्तर मीटर."

एसेनअलीने समोरच्या आसनाची दांडी धरली. "पूल होऊ द्या," तो व्यापाऱ्याला म्हणाला. "मग बघू."

"पुलानंतर लगेच दुसरा आहे," बुरुल म्हणाली.

"मग त्याच्यानंतर."

तिने व्यापाऱ्याच्या हातातून चाकू घेतला, त्याची घडी घातली आणि तो त्याला परत दिला. मग तिने आपला हात दांडीवर, एसेनअलीच्या हाताशेजारी ठेवला. गाडी वळणावर आली.

"डोळे मिटणार का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मिटले की फळी दिसत नाही."

"काँक्रीट आहे हो," चालक पुढून म्हणाला.

"तू समोर बघ," बुरुल म्हणाली.